कवितेचा तास : इंग्रजीच्या प्रगत वर्गाचा इतिहास आणि आपला मराठीचा वर्ग

शेक्सपिअरच्या देशात शेक्सपिअर शाळेत पहिल्यापासून शिकवला जात असणारच, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकात बराच काळ इंग्लंडातील नामांकित शाळांमध्ये साहित्य म्हणजे ग्रीक आणि लॅटिन साहित्य, असेच समीकरण होते. आपल्या भाषेतील कविता मुले घरी वाचतील, त्यासाठी शिक्षक कशाला हवा, अशी तेथील विद्वानांची धारणा होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ साली इंग्रजीचा प्राध्यापक नेमला गेला खरा, परंतु ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम सुरू केला तो १८९४ साली, आणि केंब्रिजने त्यानंतरही तेवीस वर्षांनी, १९१७ साली.

म्हणजे जी भाषा आज जगावर राज्य करते, तिच्या भाषकांनाही स्वभाषेतील साहित्य वर्गात शिकवण्याचा हक्क भांडून मिळवावा लागला आणि त्यानंतर ते शिकवायचे कसे, याचे उत्तर शोधण्यात आणखी अर्धे शतक खर्ची पडले. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मराठी शाळा टिकाव्यात यासाठी झगडणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ हिंदुस्थानात

इंग्रजी साहित्य हा शालेय विषय इंग्लंडात रुजण्यापूर्वी हिंदुस्थानात रुजला, ही गोष्ट गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात सविस्तर मांडली आहे. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारवर येथील शिक्षणाची जबाबदारी टाकली. परंतु धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण असल्यामुळे सरकारी शाळांत बायबल शिकवता येत नव्हते. मग नीतीचे धडे द्यायचे कशातून? त्या कामी मिल्टन आणि शेक्सपिअर पुढे करण्यात आले. १८३५ साली मेकॉलेच्या टिपणीने इंग्रजीचे पारडे जड केले आणि १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचे ठरवले. कविता आणि नोकरी यांची गाठ येथे पडली. ती आजतागायत सुटलेली नाही.

पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. परीक्षा आली की तिच्यामागोमाग टीपा आल्या, पाठांतर आले. कवितेच्या दोन ओळी द्यायच्या आणि ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ मागायचे, हा प्रश्न आपल्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडला. कोण, कोणास, कधी म्हणाले, एवढे सांगितले की अर्धे गुण पदरात पडत. ओळी वाचताना विद्यार्थ्याच्या मनात काय हालले, हे विचारण्याची सोय त्या प्रश्नपत्रिकेत नव्हती.

तरीही त्याच वर्गांतून एक वेगळा प्रवाह फुटला, हे कबूल केलेच पाहिजे. पालग्रेव्हने १८६१ साली संपादित केलेला ‘गोल्डन ट्रेझरी’ हा काव्यसंग्रह आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या हाती पडला. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, याच इंग्रजी शाळेचे विद्यार्थी. इंग्रजी कवितेतील आत्मपर सूर त्यांनी ओळखला, पचवला आणि मराठीत स्वतःचा करून आणला. चौदा ओळींचा सॉनेट त्यांनी १८९२ साली मराठीत आणला. त्याला पुढे ‘सुनीत’ हे नाव रूढ झाले. केशवसुत पेशाने शिक्षक होते. आयुष्याच्या अखेरीस ते धारवाडच्या सरकारी शाळेत शिकवत होते आणि १९०५ साली हुबळीत प्लेगने त्यांचे निधन झाले. आधुनिक मराठी कवितेच्या जनकाचा अखेरचा वर्ग आज ज्याला आपण सीमेपलीकडचा मुलूख म्हणतो तेथे भरत होता, याचे स्मरण आपण सीमावासीयांनी तरी ठेवावे.

टीपांतून परीक्षा उत्तीर्ण होणारे हजारो आणि कवितेतून कविता उचलणारा एखादाच, असे का झाले? हा प्रश्न मनात ठेवून आता अमेरिकेकडे वळू. प्रगत विद्यार्थ्यांना कविता कशी शिकवावी, याचा सर्वांत नेटाने झालेला खटाटोप तेथलाच आहे.

याद्यांचे राज्य

अमेरिकेतही इंग्रजी साहित्य हायस्कुलात शिरले ते प्रवेशपरीक्षेच्या दारातून. १८७० च्या दशकात हार्वर्डने प्रवेशार्थी विद्यार्थ्यांकडून इंग्रजीत छोटा निबंध मागण्यास सुरुवात केली आणि त्यासाठी विषय कोणत्या पुस्तकांतून येतील हे जाहीर केले. त्यांत शेक्सपिअरची नाटके होती, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ होती, स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ होती. इतर महाविद्यालयांनी आपापल्या याद्या काढल्या. प्रत्येक यादी वेगळी असल्याने शाळांची तारांबळ उडू लागली, तेव्हा १८९४ साली सर्वांसाठी समान यादी ठरवण्याचा प्रयत्न झाला.

गोंधळ मिटला, परंतु वर्ग बांधला गेला. मोठ्या शहरातील स्थलांतरितांचे मूल असो वा खेड्यातील शेतकऱ्याचे, महाविद्यालयात जाणारे असो वा न जाणारे, सर्वांनी तीच पुस्तके त्याच क्रमाने वाचायची. याविरुद्धच्या असंतोषातून १९११ साली शिकागोत ‘नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश’ ही शिक्षकांची संघटना उभी राहिली. महाविद्यालयांनी शाळांचा अभ्यासक्रम ठरवू नये, वर्गात काय वाचायचे हे वर्गातल्या मुलांकडे पाहून ठरावे, हा तिचा आग्रह होता. साहित्य शिकवणारा हा केवळ यादीचा हमाल नव्हे, असे शिक्षकांनी संघटितपणे सांगण्याचा हा मोठा प्रसंग होय.

नाव झाकलेली कविता

याद्यांचा प्रश्न ‘काय वाचावे’ एवढाच होता. ‘कसे वाचावे’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणला तो केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी. त्यांनी एक साधा प्रयोग केला. आपल्या विद्यार्थ्यांना कविता छापून दिल्या, मात्र कवीचे नाव, काळ, शीर्षकाखालचा तपशील, सारे झाकले. घरी नेऊन हव्या तितक्या वेळा वाचा आणि जे वाटेल ते निःसंकोच लिहून द्या, असे सांगितले. विद्यार्थ्यांची नावेही गुप्त ठेवली. अशा तेरा कवितांवरील प्रतिक्रिया त्यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात प्रसिद्ध केल्या.

निष्कर्ष धक्कादायक होते. विद्यार्थी सामान्य नव्हते. देशातील उत्तमांत उत्तम शाळांतून आलेले, बहुतेक इंग्रजीचेच अभ्यासक होते. तरी त्यांतील अनेकांना कवितेचा सरळ अर्थदेखील लागला नव्हता. श्रेष्ठ कवींच्या कवितांना नावे ठेवली गेली आणि सुमार कवितांचे कौतुक झाले. रिचर्ड्स यांनी वाचकाला अडवणाऱ्या दहा अडचणींची यादी केली. त्यांत सरळ अर्थ न लागणे ही पहिली, तर साचेबंद प्रतिक्रिया, भावविवशता आणि आधीच मनात ठाण मांडून बसलेली मते या पुढच्या. कवितेचा अर्थ चार अंगांनी पाहावा असे त्यांनी सुचवले : ती काय सांगते, सांगितलेल्या गोष्टीविषयी कोणता भाव बाळगते, ऐकणाऱ्याशी कोणत्या सुरात बोलते आणि काय साधू पाहते.

आपल्या मराठी वाचकाला या प्रयोगाचे मर्म लगेच उमगावे. कवितेच्या डोक्यावर ज्ञानोबा-तुकोबांचे नाव दिसले की आपले हात आधी जुळतात, वाचन मागाहून होते, आणि कधीकधी होतही नाही. नमस्कार करण्यात काहीच वावगे नाही. परंतु अभंग आपल्याला काय म्हणतो आहे, ते ऐकल्याशिवाय केलेला नमस्कार तुकोबांनाही फारसा रुचला नसता.

१९३८ : एका वर्षातील दोन पुस्तके

रिचर्ड्स यांनी रोगाचे निदान केले. उपचार सांगणारी दोन पुस्तके अमेरिकेत एकाच वर्षी, १९३८ साली निघाली, आणि त्यांची दिशा परस्परांहून भिन्न होती.

पहिले ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’. ते लिहिणारे क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन हे दोघे लुइझियाना राज्य विद्यापीठात शिकवत. पुस्तकाच्या आरंभी शिक्षकाला उद्देशून पत्र आहे. कवितेच्या नावाखाली वर्गात भलत्याच गोष्टी शिकवल्या जातात, अशी त्यांची तक्रार होती आणि अशा तीन गोष्टी त्यांनी नेमक्या दाखवल्या : कवितेचे गद्य रूपांतर, कवीचे चरित्र व काळ, आणि कवितेतून काढलेला बोध. या तिन्ही गोष्टी उपयुक्त असतील, पण त्या म्हणजे कविता नव्हे. कवितेतील शब्द, प्रतिमा, लय, सूर हे सारे मिळून एक जिवंत घडण होते आणि तिच्याकडेच लक्ष गेले पाहिजे. म्हणून पुस्तक कथाकाव्यापासून, म्हणजे मुलाला सहज धरता येईल अशा टोकापासून, सुरू होते आणि हळूहळू अवघडाकडे जाते.

या पद्धतीला पुढे ‘नवसमीक्षा’ म्हणून ओळखले गेले. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, परंतु तिचा एक सामाजिक गुण विसरता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी साहाय्याने लाखो माजी सैनिक महाविद्यालयांत आले. त्यांच्या घरी ग्रंथसंग्रह नव्हते, त्यांना लॅटिन येत नव्हते. समोरच्या पानावरील चौदा ओळी आणि एक शब्दकोश एवढ्या भांडवलावर त्यांना श्रीमंतांच्या मुलांबरोबर बसून कवितेविषयी बोलता आले.

दुसरे पुस्तक लुईझ रोझेनब्लॅट यांचे ‘लिटरेचर अ‍ॅज एक्सप्लोरेशन’. त्यांचे म्हणणे असे की कागदावर छापलेली ओळ ही अजून कविता नसते. वाचक तिच्यापाशी आपला अनुभव घेऊन येतो आणि त्या भेटीत कविता घडते. औषधाच्या बाटलीवरची सूचना आपण माहिती घेण्यासाठी वाचतो, तशी कविता वाचायची नसते. ती वाचताना आपल्या आत काय घडते, तेही वाचायचे असते. मात्र ‘मला वाटले ते खरे’ असे त्या म्हणत नाहीत. आपल्या वाटण्याला पुन्हा ओळींवर घासून पाहण्याची शिस्त त्यांनाही हवी होती.

एकाने मजकुराकडे बोट दाखवले, दुसऱ्याने वाचकाकडे. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतील इंग्रजीचा चांगला वर्ग या दोन टोकांमध्ये ये-जा करत आला आहे.

प्रगत वर्गाची स्थापना

आता हायस्कूलकडे येऊ. १९५०च्या सुमारास अमेरिकेत अशी तक्रार होऊ लागली की हुशार मुलांची शाळेतील शेवटची दोन वर्षे आणि महाविद्यालयातील पहिली दोन वर्षे यांत तेच ते पुन्हा शिकवले जाते. फोर्ड फाउंडेशनच्या निधीतून दोन उपक्रम झाले. अँडोव्हर, एक्सेटर आणि लॉरेन्सव्हिल या शाळा व हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल ही विद्यापीठे यांनी एकत्र बसून अहवाल लिहिला. दुसरीकडे ओहायोतील केनयन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चामर्स यांच्या पुढाकाराने बारा महाविद्यालयांनी शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे शिक्षण देण्याची योजना आखली. जॉन क्रो रॅन्सम हे नवसमीक्षेचे अध्वर्यू याच केनयनमध्ये शिकवत होते.

१९५५ साली ही योजना कॉलेज बोर्डाकडे आली आणि १९५६ च्या मे महिन्यात बोर्डाची पहिली ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा झाली. १०४ शाळांतील १२२९ विद्यार्थी तिला बसले होते. त्याच वर्षी लॉरेन्स पेरीन यांचे ‘साउंड अँड सेन्स’ हे पाठ्यपुस्तक निघाले आणि प्रगत वर्गात घरोघरच्या पंचांगासारखे रूढ झाले. १९८० साली इंग्रजीचे भाषा आणि साहित्य असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम झाले. आज साहित्याच्या परीक्षेला दरवर्षी तीन लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात.

या वर्गात नेमके काय चालते? कविता आधी मोठ्याने वाचली जाते, बहुधा दोनदा. मग प्रश्न : बोलणारा कोण आहे? कवी आणि बोलणारा एकच का? तो कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलतो? कवितेत वळण कोठे येते, सूर कोठे पालटतो? हाच शब्द का, त्याच्या जवळचा दुसरा का नाही? ओळ येथेच का तुटली? शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही. विद्यार्थ्याने बोलायचे आणि प्रत्येक विधानाला कवितेतील शब्दाचा आधार द्यायचा.

परीक्षेची रचनाही याला धरून आहे. पुस्तकांची सक्तीची यादी नाही. एक कविता आणि एक गद्य उतारा समोर ठेवून त्यांवर निबंध लिहायचा. तिसरा निबंध विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या दर्जेदार साहित्यकृतीवर. दर उन्हाळ्यात हायस्कूल आणि महाविद्यालयांतील शिक्षक एकत्र येऊन हे निबंध तपासतात. २०१९-२० पासून प्रत्येक निबंधाला सहा गुण आहेत. त्यांपैकी एक स्वतःचे प्रतिपादन स्पष्ट मांडण्यासाठी, चार पुराव्यासाठी व त्यावरील विवेचनासाठी आणि एक विचाराच्या परिपक्वतेसाठी. ‘आदर्श उत्तर’ नावाची वस्तू येथे संभवतच नाही.

सारे गोमटे आहे असे मात्र समजू नये. १९६६ साली डार्टमथ येथे ब्रिटिश आणि अमेरिकन मिळून सुमारे ५० इंग्रजीतज्ज्ञ जमले होते. शिक्षकाच्या चिरफाडीखाली कविता मरते आणि मुलाचा आवाजही मरतो, असा इशारा तेथे दिला गेला. त्या परिषदेवर आधारित ‘ग्रोथ थ्रू इंग्लिश’ या पुस्तकात जॉन डिक्सन यांनी मुलाच्या भाषिक वाढीला मध्यभागी ठेवले. तो इशारा आजही लागू आहे. गुणांची शर्यत लागली की प्रगत वर्गातही रूपक, उपमा, अनुप्रास यांची शिकार सुरू होते. अलंकार सापडला, खूण केली, पुढे चला. तो तेथे काय करतो, हे विचारायला वेळ उरत नाही. आपल्या ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाची ही परदेशी भावंडे होत.

आपल्या वर्गापुरते

१९५६ च्या मे महिन्यात अमेरिकेत ती परीक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव-कारवारचा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु तेव्हापासून आपली शक्ती शाळा वाचवण्यात, पटसंख्या राखण्यात, शिक्षकांच्या जागा भरून घेण्यात खर्च होत आली. ती लढाई आवश्यक होती आणि आहे. मात्र वाचवलेल्या वर्गात कविता कशी शिकवली जाते, याकडे पाहण्यास आपल्याला उसंत मिळाली नाही. मराठीच्या तासाला मूल गाइडमधले रसग्रहण उतरवून घेत असेल आणि इंग्रजीच्या तासाला त्याला ‘तुझे मत सांग’ असे म्हटले जात असेल, तर ते मूल विचार करण्याची भाषा कोणती निवडेल? आईबापांनी इंग्रजी माध्यम निवडले म्हणून आपण हळहळतो. पण मुलाने मनातल्या मनात केलेली निवड कोणत्याही पटावर नोंदली जात नाही.

‘रसग्रहण’ हा शब्द आपला आहे, आणि किती नेमका आहे! रस ज्याचा त्याने ग्रहण करायचा असतो. दुसऱ्याने घेतलेला रस वहीत उतरवून घेता येत नाही. इंग्रजी भाषकांना हे कळण्यास रिचर्ड्सपासून रोझेनब्लॅटपर्यंतचा प्रवास करावा लागला. आपल्या शब्दातच ते साठवलेले आहे.

म्हणून सीमाभागातील मराठी शिक्षकांपुढे आम्ही काही सूचना नम्रपणे ठेवतो. महिन्यातून एक तास पुस्तकाबाहेरच्या कवितेला द्यावा आणि तिच्यावरचे नाव झाकावे. अपठित उतारा आपल्याला ठाऊक आहे, तशी अपठित कविता असावी. कविता मोठ्याने वाचावी, शक्य तर मुलांकडून वाचून घ्यावी. पहिली दहा मिनिटे शिक्षकाने अर्थ सांगू नये. मुलाचे म्हणणे चुकीचे वाटले तर ‘कोणत्या ओळीवरून म्हणतोस?’ एवढेच विचारावे. यासाठी अनुदान लागत नाही, शासननिर्णय लागत नाही.

आणखी एक. आपले मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वावरते. हे ओझे आहे असे आपण सतत ऐकतो. कवितेच्या तासाला मात्र हीच त्याची श्रीमंती ठरते. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे धारवाडात कन्नडचे थोर कवी झाले, आणि मराठीतही लिहिते राहिले. त्यांची एखादी कन्नड कविता आणि केशवसुतांचे एखादे सुनीत शेजारी ठेवून बोलण्याची सोय पुण्या-मुंबईच्या वर्गात नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या वर्गात आहे. आमचा लढा कोणत्याही भाषेशी नाही, हे भाषणात सांगण्यापेक्षा अशा एका तासातून अधिक पटेल.

येत्या शैक्षणिक वर्षात एखाद्या तरी मराठी शाळेत असा तास सुरू व्हावा. जे शिक्षक तो घेतील, त्यांनी मुलांची उत्तरे फेकून न देता जपून ठेवावीत. रिचर्ड्स यांच्या ग्रंथाचा कच्चा माल अशा उत्तरांचाच होता. आपल्या मुलांना मराठी कविता कोठे कळते, कोठे अडते आणि कोठे त्यांना ती आपली वाटते, हे सांगणारा कागद सीमाभागाच्या मराठीच्या इतिहासात एखाद्या ठरावाइतकाच मोलाचा ठरेल.